भरतकामाचे डिजिटायझिंग सॉफ्टवेअर घेण्यापूर्वीची तयारी

सॉफ्टवेअरची नावे आणि वैशिष्ट्ये शेजारी मांडून तुलना करण्याआधी एका कागदावर आपले काम लिहून काढावे. गेल्या काही महिन्यांत कोणत्या मागण्या आल्या, त्यांत नुसती नावे किती, खिशावरचे लोगो किती, टोप्या किती, पाठीवरची मोठी चित्रे किती, आणि केवळ डिझाइन तयार करता येत नाही म्हणून कोणते काम परत पाठवावे लागले, एवढे त्या कागदावर यावे. चित्रावरून टाक्यांचा आराखडा करणे, म्हणजेच डिजिटायझिंग, ही शिकण्याची कला आहे आणि तिच्यात हात बसायला महिने लागतात. महिन्याला दोन-चारच नवी डिझाइन लागत असतील आणि उरलेले सगळे काम नावे घालण्याचे व तयार डिझाइन जोडण्याचे असेल, तर संपादनापुरती लहान आवृत्ती पुरते; अवघड लोगो बाहेरच्या डिजिटायझरकडून करून घेता येतात. उलट प्रत्येक ग्राहक स्वतःचा लोगो घेऊन येत असेल, तर पूर्ण डिजिटायझिंगची सोय लागणारच, आणि मग पुढची सगळी तयारी अधिक काटेकोरपणे करावी.

दुसऱ्या कागदावर भरतकामाच्या यंत्राची माहिती उतरवावी: मॉडेल, सुयांची संख्या, आपल्याकडे असलेल्या प्रत्येक हूपमध्ये (कापड ताणून धरणाऱ्या चौकटीत) प्रत्यक्ष टाका पडू शकणारी लांबी-रुंदी (ती हूपच्या बाहेरील मापापेक्षा नेहमी कमी असते), यंत्र वाचते त्या फाइलींचे प्रकार, आणि फाइल यंत्रात पोहोचवण्याचा मार्ग. ब्रदरच्या यंत्रांना पीईएस, जानोमेच्या यंत्रांना जेईएफ, हस्कवर्ना वायकिंग आणि फाफ यांच्या अलीकडच्या यंत्रांना व्हीपी३, तर बहुतेक औद्योगिक यंत्रांना डीएसटी ही फाइल चालते. ताजिमा या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीची ही डीएसटी फाइल सर्वत्र वापरली जात असली, तरी तिच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. तिच्यात सुईची हालचाल ०.१ मिमीच्या एककात नोंदलेली असते, एका हालचालीची कमाल लांबी १२.१ मिमी असते, आणि दोऱ्याचा प्रत्यक्ष रंग साठवलेला नसतो. रंग बदलण्यासाठी थांबण्याची सूचना तेवढी असते. म्हणून डीएसटीवर काम करणाऱ्याने सॉफ्टवेअर रंगक्रम, टाक्यांची संख्या, मापे आणि चित्र एकत्र दाखवणारा कामाचा कागद छापून देते की नाही, हे आवर्जून पाहावे. तो कागद नसला की यंत्रावर बसलेल्या माणसाला रंग अंदाजाने लावावे लागतात.

संगणकाचा प्रश्न लवकर निकाली निघतो. विलकॉमचे एम्ब्रॉयडरी स्टुडिओ, त्याच कंपनीचे हॅच आणि ब्रदरचे पीई-डिझाइन ही विंडोजसाठी बनलेली आहेत. एम्ब्रिलियन्स विंडोज आणि मॅक या दोन्हींवर चालते. इंकस्टिच हे इंकस्केपला जोडून वापरायचे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सवरही चालते. मॅकवर विंडोज बसवून काम भागवण्याचा विचार असेल, तर तसा वापर निर्मात्याला मान्य आहे का, हे आधी लेखी विचारावे. परवाना एका वेळी किती संगणकांवर चालतो, संगणक बिघडला तर तो दुसरीकडे कसा हलवायचा, परवान्याची किल्ली यूएसबी उपकरणात असेल तर ते हरवल्यावर काय होते, आणि वर्गणीची मुदत संपल्यावर आपल्याच जुन्या फाइली उघडतात की नाही, हे चारही प्रश्न पैसे भरण्यापूर्वीचे आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गोलमोल मिळाले तर ते सॉफ्टवेअर बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या मताचे कारण फाइलींच्या स्वरूपात आहे. भरतकामाच्या फाइली दोन जातींच्या असतात. एकीत सुईने कुठे जायचे एवढेच टाक्याटाक्याने नोंदलेले असते. डीएसटी या जातीची. दुसरीत आकार, टाक्याचा प्रकार, घनता, कोन आणि आधाराचे टाके (मुख्य टाक्यांखाली आधी घालायचे) अशी मूळ माहिती असते आणि टाके त्या माहितीवरून दर वेळी नव्याने काढले जातात. विलकॉम आणि हॅचची ईएमबी या जातीची. ताटामी भरणीत, म्हणजे मोठा भाग टाक्यांच्या ओळींनी भरताना, टाक्यांच्या ओळींमधले अंतर साधारण ०.४ मिमी असते. असा १० सेंमी रुंदीचा लोगो पहिल्या जातीच्या फाइलीत टाक्यांची संख्या तशीच ठेवून ७ सेंमीवर आणला, तर ते अंतर ०.२८ मिमी होते: कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते, दोरा तुटतो, सुई अडते. दुसऱ्या जातीच्या फाइलीत अंतर ०.४ मिमीच राहते आणि टाके कमी होतात. काही सॉफ्टवेअर डीएसटीतील टाके ओळखून त्यांचे पुन्हा आकार करू शकतात, परंतु गुंतागुंतीच्या डिझाइनमध्ये त्यावर विसंबता येत नाही. तेव्हा हे सॉफ्टवेअर कामाची मूळ फाइल कोणत्या स्वरूपात ठेवते, ती आणखी कशात उघडते, आणि उद्या ते सोडले तर आपल्या हाती काय उरेल, हे यादीत ठळक लिहावे. इंकस्टिच मूळ काम एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइलीत ठेवते. एसव्हीजी इतर चित्रसॉफ्टवेअरमध्येही उघडत असल्यामुळे आकार तरी आपल्या हाती राहतात, मात्र टाक्यांची माहिती इंकस्टिचलाच कळते.

आता मुख्य भाग, ज्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. पडद्यावर दिसणारे टाके कापडावर तसेच पडत नाहीत. दोऱ्याच्या ताणाने टाका स्वतःच्या दिशेने आखडतो आणि भरलेला भाग टाक्याच्या काटकोनातील दिशेने बाहेर सरकतो. आडव्या टाक्यांनी भरलेले पडद्यावरचे अचूक वर्तुळ कापडावर उभट होते आणि त्याच्या बाह्यरेषेशी डाव्या-उजव्या बाजूला फट पडते. ही ओढ भरून काढण्यासाठी आकार टाक्याच्या दिशेने थोडा वाढवून ठेवतात. ही वाढ बहुधा ०.२ ते ०.४ मिमी असते. ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडावर ती जास्त लागते, घट्ट कापडावर कमी. म्हणून ही वाढ प्रत्येक आकाराला वेगळी देता येते का, हे पाहावे. आधाराचे टाके मधल्या रेषेचे, कडेचे, नागमोडी आणि जाळीचे असे निवडता येतात का. भरणीचा कोन बदलता येतो का, एकाच आकारात तो वळवता येतो का. प्रत्येक आकाराचा आरंभबिंदू आणि शेवटचा बिंदू आपण ठरवू शकतो का. आकारांचा क्रम सहज हलवता येतो का. गाठीचे टाके आणि दोरा कापण्याच्या जागा आपल्या ताब्यात आहेत का, हेही पाहावे. सॅटिन टाका (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग जाणारा) सुमारे १ मिमीपेक्षा अरुंद झाला की नीट बसत नाही, आणि ७-८ मिमीपेक्षा रुंद झाला की सैल राहून अडकतो. रुंद सॅटिन आपोआप मध्ये तोडून घेण्याची सोय असावी, आणि ती हवी तिथे बंदही करता यावी. कापडाचे नाव निवडले की सगळी मूल्ये भरून देणारी सोय बऱ्याच ठिकाणी असते. ती चांगली सुरुवात करून देते, पण आपले कापड, आपले बॅकिंग (कापडाखाली लावायचा आधाराचा थर) आणि आपल्या यंत्राचा ताण तिला ठाऊक नसतो.

चित्र दिले की एका बटणावर डिझाइन तयार करणारी सोय जाहिरातीत सर्वांत पुढे असते आणि तिच्यावरून खरेदी ठरवली जाते, याचे मला फार वाईट वाटते. मोजक्या रंगांच्या, स्वच्छ कडांच्या चित्रावर तिचा उपयोग होतो. सावल्या असलेले छायाचित्र किंवा संदेशातून आलेला धूसर लोगो तिला दिला, तर ती रंगांचे लहान लहान तुकडे करते, दोरा वारंवार कापायला लावते आणि आधी मागचे, मग पुढचे हा क्रमही चुकवू शकते. ती यादीत शेवटी ठेवावी.

अक्षरांसाठी वेगळी तयारी लागते, कारण लहान व्यवसायात रोजचे काम अक्षरांचेच असते. नेहमीच्या ४० नंबरच्या दोऱ्याने कमीत कमी सुमारे ५ मिमी उंचीची अक्षरे वाचनीय राहतात. त्याहून लहान अक्षरांना ६० नंबरचा बारीक दोरा आणि ६५/९ची सुई लागते. लहान मापासाठी हाताने तयार केलेले अक्षरसंच सॉफ्टवेअरसोबत मिळतात का, हे विचारावे; संगणकातल्या साध्या फॉन्टवरून आपोआप टाके काढणारी सोय मोठ्या अक्षरांना चालते, लहानांना सहसा नाही. देवनागरी नावे भरायची असतील तर चाचणीत ‘विद्यार्थी’ हा एकच शब्द टाइप करून पाहावा: पहिली वेलांटी योग्य जागी आली, ‘द्या’ जोडलेला राहिला आणि रफार ‘थी’वर बसला, तर सॉफ्टवेअरला लिपी समजते. तसे झाले नाही, तर शब्द चित्रसॉफ्टवेअरमध्ये लिहून त्याचे आकारात रूपांतर करायचे आणि ते आकार आयात करायचे. म्हणजे एसव्हीजी आयात करण्याची सोय अनिवार्य ठरते आणि ती अनेकदा वरच्या आवृत्तीतच असते. शिरोरेषा प्रत्येक अक्षराची तुटक न ठेवता संपूर्ण शब्दावर सलग सॅटिनची करावी आणि शेवटी भरावी. अक्षरांच्या उभ्या दंडातील टाके आडवे असल्याने दंड वरच्या टोकाला थोडा पुढे सरकतो आणि शिरोरेषेबाहेर डोकावतो, म्हणून तो आधीच किंचित आखूड करावा लागतो. असा एकच दंड पकडून बदलता येतो का, हे त्या चाचणीतच कळते.

चाचणीची मुदत सुरू करण्याआधी सगळे साहित्य तयार असावे. हॅचची मोफत चाचणी ३० दिवसांची असते, आणि नमुने जमवण्यात त्यातला आठवडा गेला तर निर्णय घाईत होतो. चाचणी आवृत्तीत फाइल जतन करून यंत्रावर नेता येते का, याची खात्री करावी. येत नसेल तर त्या चाचणीचा उपयोग अर्धाच. तीन डिझाइन ठरवून ठेवावीत: बाह्यरेषा असलेले भरीव वर्तुळ, ५ मिमी अक्षरांची एक ओळ, आणि खऱ्या ग्राहकाचा एक मध्यम अवघड लोगो, त्याची परवानगी घेऊन. ती प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये करून एका विणीच्या आणि एका घट्ट कापडावर, तोच दोरा, तेच बॅकिंग आणि तोच वेग ठेवून भरावीत. प्रत्येक तुकड्यावर सॉफ्टवेअरचे नाव, टाक्यांची संख्या, दोरा कापण्याची संख्या आणि डिझाइन करायला लागलेला वेळ लिहावा. मिनिटाला ८०० टाके या वेगाने १०,००० टाक्यांना साडेबारा मिनिटे लागतात. तोच लोगो एका सॉफ्टवेअरमध्ये ९,००० टाक्यांत आणि दुसऱ्यात १२,००० टाक्यांत होत असेल, तर एका डोक्याच्या (एका वेळी एकच नग भरणाऱ्या) यंत्रावर ५० नगांना तीन तासांहून अधिक फरक पडतो. दोरा कापण्याचा आणि रंग बदलण्याचा वेळ त्यात धरलेला नाही.

ज्यांच्याकडे अजून खर्चाची तयारी नाही त्यांनी इंकस्टिचवर ही तीन डिझाइन करून पाहावीत. त्यासाठी इंकस्केप शिकावे लागते, पण घनता, कोन आणि आधाराचे टाके यांची समज पक्की होते. आलेल्या फाइली पाहण्यासाठी विलकॉमचे ट्रूसायझर मोफत मिळते. हॅचच्या चढत्या पायऱ्या असोत किंवा एम्ब्रिलियन्सचे वेगवेगळे भाग असोत, खालची पायरी घेऊन नंतर वर जाताना आधीची रक्कम धरली जाते का, हे विचारून ठेवावे.

खरेदीचा दिवस कामाच्या गर्दीपासून दूर निवडावा. पहिले काही महिने मुदतीचे अवघड लोगो बाहेरच्या डिजिटायझरकडेच द्यावेत, मात्र त्याच्याशी व्यवहार ठरवताना डीएसटीसोबत आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी मूळ फाइलही मागावी, आणि ती उघडून त्याने आधाराचे टाके कुठे कसे दिले आहेत, क्रम कसा लावला आहे, हे आकार एकेक करून पाहावे.