रेफरल चालत नाही म्हणता? आधी या चुका टाळा

"आपल्याला ड्रॉपबॉक्ससारखं रेफरल टाकायचंय, शुक्रवारपर्यंत होईल ना?" असे फोन मला अधूनमधून येतात. रेफरल म्हणजे जुन्या ग्राहकाने मित्राला अ‍ॅपवर बोलवायचं आणि त्याचं बक्षीस मिळवायचं. शुक्रवारपर्यंत बटण होतं, रेफरल होत नाही. आणि ड्रॉपबॉक्सची (इंटरनेटवर फाइली ठेवायची सेवा) गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असली, तरी अर्धीच. त्यांनी बोलावणारा आणि येणारा, दोघांनाही जादा जागा दिली. रोख नव्हे, जागा. ज्याला फाइली ठेवायच्याच नाहीत, त्याला त्या जास्तीच्या एमबींचं काय लोणचं घालायचंय? तो आपोआप बाहेर राहिला. आपल्याकडे 'दोघांनाही बक्षीस' एवढंच लक्षात राहतं आणि थेट शंभराची नोट समोर ठेवली जाते.

साइनअपवर पैसे

माझा सगळ्यात जुना राग या चुकीवर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घरपोच किराण्याचं एक अ‍ॅप होतं, नाव नको. योजना अशी: मित्राने ओटीपी टाकून खातं उघडलं की दोघांच्या वॉलेटमध्ये शंभर रुपये. कमाल मर्यादा नाही, किमान ऑर्डर नाही, डिलिव्हरी फुकट. आलेख असा चढला की ऑफिसात पेढे वाटले. मला बोलावलं ते 'सर्व्हरवर लोड येतोय' म्हणून. लोड ठीकच होता, पण ऑर्डरींची यादी पाहताना डोळे अडकले. एकाच पत्त्यावर, एका हॉस्टेलवर, ओळीने एकेक लिटर तेलाच्या पिशव्या. नावं वेगळी, नंबर वेगळे, खोली क्रमांक वेगळे, वस्तू तीच. वॉलेटच्या रकमेत बसणारी आणि कोपऱ्यावरच्या दुकानात लगेच विकता येणारी. पोरांनी कोणाकोणाची सिमं गोळा केली होती देव जाणे. मी डिलिव्हरीच्या मुलांना विचारलं तर ते हसायला लागले. त्यांना हे पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. ऑफिसातल्या कोणी त्यांना विचारलंच नव्हतं. योजना बंद झाली त्या दिवशी 'वाढ'ही बंद झाली.

गूगलचं तेज (आजचं गूगल पे) २०१७ मध्ये आलं तेव्हा त्यांचंही रेफरल रोखच होतं, ५१ रुपये, अगदी आहेराच्या पाकिटातला आकडा. पण ते नव्या माणसाने पहिला व्यवहार केल्यावर. खातं उघडणं म्हणजे काम होणं नव्हे, हे त्यात गृहीत होतं.

माझी सवय सांगतो. येणाऱ्याला सवलत त्याच्या पहिल्याच ऑर्डरवर द्यायची, म्हणजे खर्च त्याच्याही खिशातून होतो. बोलावणाऱ्याला बक्षीस माल परत करायची मुदत उलटल्यावर. महिन्याला एका माणसामागे मर्यादा, आणि ती अटींच्या पानावर तळाशी न लपवता बटणाच्या शेजारी लिहायची. बक्षीस अडकलं असेल तर 'तुमच्या मित्राची पहिली ऑर्डर बाकी आहे' असं स्पष्ट दाखवायचं, नाहीतर तुमच्या सपोर्टच्या लोकांचं निम्मं आयुष्य त्याच एका प्रश्नात जातं. 'आम्ही डिव्हाइस आयडी (फोनची ओळखखूण) तपासतो' या भरवशावर झोपू नका. फोन फॅक्टरी रीसेट केला की अँड्रॉइड आयडी बदलतो, आणि ही युक्ती कॉलेजच्या पोरांना तुमच्याआधी माहीत असते. पत्ते बघा. सोमवारी सकाळी चहा घेत ऑर्डरींची यादी स्वतः वाचा. डॅशबोर्ड वाचणं वेगळं.

लिंक वाटेतच मरते

दुसरी लाडकी चूक. मावशीने सांगलीहून व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली, भाच्याने पुण्यात दाबली, प्ले स्टोअर उघडलं, अ‍ॅप उतरलं. उघडल्यावर मावशीचा कोड तिथे असेल असं सगळे धरून चालतात. तो आपोआप येत नाही.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या लिंकला रेफरर, म्हणजे कोणी पाठवलं ते सांगणारा मजकूर, जोडावा लागतो आणि अ‍ॅप पहिल्यांदा उघडताच इन्स्टॉल रेफरर एपीआय या गूगलच्या सोयीकडून तो वाचावा लागतो. ती माहिती ९० दिवस मिळते, पण 'नंतर वाचू' म्हणणारे नंतर वाचत नाहीत. रेफररचा मजकूर एन्कोड केला नसेल, म्हणजे त्यातली खास चिन्हं लिंकला चालतील अशी बदलली नसतील, तर तो पहिल्याच '&' चिन्हापाशी तुटतो. जाहिरात मोहिमेचं नाव पोचतं, मावशीचा कोड गळतो, आणि रिपोर्ट मात्र हिरवागार दिसतो.

आयफोनवर असली सोयच नाही. काही जण कोड क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर फोन जिथे ठेवतो तिथे) टाकून अ‍ॅपमध्ये उचलतात. पण आयओएस १६ पासून फोन त्यासाठी परवानगी विचारतो. नव्या माणसाला अ‍ॅपने उघडताक्षणी 'पेस्ट करू का' विचारलं, तर तो दचकणारच. म्हणून कोड हाताने भरायचा रकाना कायम ठेवा, आणि तो साइनअप झाल्यावरही काही दिवस उघडा राहू द्या. कोड लोक फोनवर वाचून दाखवतात. 'ओ' की शून्य, 'आय' की एक, यावर मावशी-भाच्यात वाद होऊ नये म्हणून ती चारही चिन्हं वगळा.

फायरबेस डायनॅमिक लिंक्स हे बरंचसं फुकटात करत असे. गूगलने ती सेवा २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद केली. तरी जुने व्हिडिओ बघून तीच जोडायला निघालेले भेटतात. व्हिडिओची तारीख बघायला किती वेळ लागतो?

आणि 'माझ्या फोनवर चालतंय' हे वाक्य. अ‍ॅप आधीच फोनमध्ये असताना लिंक थेट त्यात उघडावी, यासाठी वेबसाइटवर अ‍ॅसेटलिंक्स फाइल (ही वेबसाइट आणि हे अ‍ॅप एकाचंच, असं सांगणारी) ठेवतात. तिच्यात अ‍ॅपच्या डिजिटल सहीचा एसएचए-२५६ ठसा (सहीची ओळख पटवणारा लांबलचक आकडा) लागतो. डेव्हलपर आपल्या लॅपटॉपवरच्या कीचा (सही करायच्या गुप्त किल्लीचा) ठसा टाकतो. पण प्ले अ‍ॅप साइनिंग (अ‍ॅपवर गूगलनेच सही करायची सोय) चालू असेल, तर ग्राहकाच्या फोनवरच्या अ‍ॅपवर सही गूगलकडच्या कीची असते. डेव्हलपरच्या फोनवर सुरळीत, बाकी सगळ्यांच्या फोनवर ब्राउझर. खरा ठसा प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपरसाठीच्या गूगलच्या पानावर) मिळतो, तो टाका. मी तपासताना स्वस्तातला जुना फोन घेतो, अ‍ॅप काढून टाकतो, वायफाय बंद करतो आणि लिंक एकदा व्हॉट्सअ‍ॅपमधून, एकदा इन्स्टाग्राममधून दाबतो. इन्स्टाग्राम लिंक स्वतःच्याच ब्राउझरमध्ये उघडतं, तिथे वेगळीच गंमत असते.

बाकीच्या, थोडक्यात

पहिल्याच स्क्रीनवर 'मित्रांना बोलवा'. अजून त्याने स्वतः काही बघितलेलं नाही, तो सांगणार काय? पहिली ऑर्डर वेळेवर पोचली की मग विचारा.

सगळे कॉन्टॅक्ट मागणं. नका मागू. लोकांच्या नावाने त्यांच्या ओळखीच्यांना आठवण करून देणारे ईमेल धाडल्याच्या खटल्यात लिंक्डइनने २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली होती. शेअर शीट (कुठल्या अ‍ॅपमधून पाठवायचं ते विचारणारी फोनची यादी) उघडा, कोणाला पाठवायचं ते माणूस ठरवेल.

'दहा ग्रुपमध्ये पाठवा, मग अनलॉक'. दिवाळीत फिरणारे फसवे मेसेज नेमके असेच असतात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड एका वेळी फार तर पाच चॅटमध्ये जातो.

तोंडात कोंबलेली वाक्यं. 'मी या अप्रतिम अ‍ॅपच्या प्रेमात पडलोय' असं कोणी भाच्याला लिहीत नाही. वर्डल या शब्द ओळखायच्या ऑनलाइन खेळाने डिसेंबर २०२१ मध्ये शेअरला दिले ते फक्त रंगीत चौकोन, तेही न्यूझीलंडमधल्या खेळाडूंनी आधी हाताने रचलेले बघून. लिंकसुद्धा नव्हती. लोकांना मिरवायचं होतं, त्यांनी मिरवू दिलं.

लिंकचं कार्ड (मेसेजमध्ये लिंकसोबत दिसणारं चित्र आणि शीर्षक) रिकामं. व्हॉट्सअ‍ॅप तुमची जावास्क्रिप्ट चालवत बसत नाही. शीर्षक आणि चित्र सर्व्हरवरून आलेल्या पानातच असायला हवं.

शेअरचे आकडे मिरवणं. अँड्रॉइड फार तर कुठलं अ‍ॅप निवडलं ते सांगतं. मेसेज खरंच गेला का, ते नाही. मोजायचं असेल तर त्या लिंकवरून किती जण आले ते मोजा.

योजना बंद करताना लिंक मारून टाकणं. जुने मेसेज ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात आणि कोणीतरी दाबतंच. तिथे '४०४' (पान सापडत नाही) दिसू देऊ नका. योजना संपल्याचं सरळ लिहा, खाली अ‍ॅपची लिंक द्या, आणि ज्यांचं बक्षीस अडकलंय त्यांचे पैसे आधी चुकते करा.