ब्ल्यू मून कधी आहे हे घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून कसं काढायचं

दर दोन-तीन वर्षांनी व्हॉट्सॅपवर निळ्याशार चंद्राचा एक फोटो फिरतो, खाली लिहिलेलं असतं की आज रात्री चंद्र निळा दिसणार, शंभर वर्षांतून एकदाच, दहा जणांना पाठवा. आधी तेवढं मिटवून टाकू. चंद्र निळा दिसत नाही आणि शंभर वर्षं थांबावंही लागत नाही. एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्ल्यू मून म्हणायचं, बास, आणि हे साधारण अडीच-पावणेतीन वर्षांतून एकदा होतंच. ते शोधायला ॲपही नको, ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब आणि सिलेंडर लावल्याची तारीख लिहितो त्याच्यावर सगळं छापलेलं असतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

आधी हे होतं कशामुळे ते दोन मिनिटांत. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. अशा बारा पौर्णिमा झाल्या की ३५४ दिवस होतात, वर्ष मात्र ३६५ चं, म्हणजे दरवर्षी जवळजवळ ११ दिवस शिल्लक राहतात. ते साठत साठत बत्तीस-तेहतीस महिन्यांत एक अख्खी पौर्णिमा जास्तीची निघते. १९ वर्षांचा हिशेब तर फारच छान बसतो, १९ वर्षांत इंग्रजी महिने २२८ आणि पौर्णिमा २३५, फरक दोनेक तासांचाच. म्हणजे सात पौर्णिमांना स्वतंत्र महिना मिळत नाही आणि त्यांना कुणाच्या तरी महिन्यात घुसावं लागतं.

हे घरात मोठ्याने वाचलंत तर आजी नाहीतर सासूबाई लगेच म्हणतील, अरे मग हा आपला अधिक महिनाच झाला की. बरोबर आहे त्यांचं! तेच ११ दिवस, तोच १९ वर्षांत सातचा हिशेब. आपल्याकडे ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांतच होत नाही, म्हणजे सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात नाही, तो महिना अधिक धरतात, जावयाला अनारसे आणि वाण देऊन सासरचे मोकळे होतात, आणि सण जागच्या जागी राहतात. इंग्रजी कॅलेंडरने चंद्राशी संबंधच ठेवला नाही, त्यामुळे तिथे ती जास्तीची पौर्णिमा जिथे जागा मिळेल तिथे बसते आणि तिला ब्ल्यू मून नाव मिळतं. माझं मत विचाराल तर अधिक महिन्याचा नियम जास्त पक्का आहे, कारण त्यात सूर्य कुठे आहे ते बघतात, ब्ल्यू मूनमध्ये फक्त तारीख बघतात.

आता कॅलेंडर काढा. कालनिर्णय, महालक्ष्मी, जे असेल ते. जानेवारीपासून पानं उलटत जा आणि पौर्णिमा महिन्याच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे १ किंवा २ तारखेला कुठे पडतेय तेवढंच बघा, बाकीच्या पौर्णिमांकडे ढुंकूनही बघायची गरज नाही. ३१ दिवसांच्या महिन्यात पहिली पौर्णिमा २ तारखेच्या सकाळी अकराच्या आसपासपर्यंत झाली तर दुसरी त्याच महिन्यात मावते. चंद्र कधी जोरात कधी हळू चालतो म्हणून पाच-सात तास इकडेतिकडे होतात, त्यामुळे अकरा हा काही काटेकोर आकडा नाही. ३० दिवसांच्या महिन्यात मात्र पहिली पौर्णिमा १ तारखेलाच व्हायला हवी, तीही साधारण दुपारच्या आत. फेब्रुवारी सोडूनच द्या, लीप वर्षातले २९ दिवससुद्धा कमी पडतात, त्यामुळे फेब्रुवारीत ब्ल्यू मून कधीच नाही.

महिना सापडला की पौर्णिमा संपायची वेळ बघा. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण पौर्णिमा ही तिथी ज्या मिनिटाला संपते तोच खगोलशास्त्रातला पूर्ण चंद्राचा क्षण. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी, पंधरा तिथ्या म्हणजे १८० अंश, म्हणजे पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि बरोबर समोर चंद्र. पंचांग दृक् गणिताचं, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या हिशेबाचं असेल, तर परदेशी वेबसाईटवर ग्रीनिच वेळेत (GMT किंवा UTC) दिलेल्या फुल मूनच्या वेळेत साडेपाच तास मिळवा, उत्तर तेच येईल.

मे २०२६ करून बघू. १ मेला बुद्ध पौर्णिमा, महाराष्ट्र दिन पण, पौर्णिमा संपते रात्री १०.५३ ला. पुढची ३१ मेला दुपारी २.१५ ला संपते. दोन्ही मेमध्येच, म्हणजे ३१ मे हा ब्ल्यू मून. आणि गंमत म्हणजे त्या वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे ही नेमकी अधिक महिन्याचीच पौर्णिमा, वडाला फेऱ्या मारायची पौर्णिमा ही नव्हे, वटपौर्णिमा निज, म्हणजे नेहमीच्या ज्येष्ठात, २९ जूनला.

आता यात एक खाच आहे आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. त्यामुळे चौकोनात पौर्णिमा ३१ तारखेची छापलेली असेल पण संपायची वेळ रात्री बारानंतरची असेल, तर घड्याळाच्या हिशेबाने ती १ तारखेला गेली. डिसेंबर २००९ मध्ये अगदी हेच झालं. लंडन-न्यूयॉर्कवाल्यांनी ३१ डिसेंबर २००९ चा ब्ल्यू मून साजरा केला, आपल्याकडे तो क्षण आला १ जानेवारी २०१० ला रात्री १२.४३ ला. म्हणजे भारतात डिसेंबरमध्ये एकच पौर्णिमा धरायची आणि ब्ल्यू मून सरकून ३० जानेवारी २०१० वर गेला. आकाशात चंद्र एकच, पण देश बदलला की ब्ल्यू मूनचा महिना बदलतो, म्हणून परदेशी बातमीतली तारीख डोळे मिटून फॉरवर्ड करू नका.

शॉर्टकट हवा असेल तर अधिक महिना कुठल्या वर्षी आहे ते बघा आणि त्याच्या आसपास शोधा. २०१२ मध्ये अधिक भाद्रपद होता, त्याच्याच पौर्णिमेला ३१ ऑगस्टला ब्ल्यू मून होता, त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँगला अखेरचा निरोप देण्यात आला. २०१५ मध्ये २ जुलैला अधिक आषाढाची पौर्णिमा, ३१ जुलैला गुरुपौर्णिमा, तो ब्ल्यू मून. २०२० ला अधिक आश्विन आणि ३१ ऑक्टोबरचा ब्ल्यू मून, कोजागिरीच्या दुसऱ्या रात्री. २०२३ ला अधिक श्रावण, ऑगस्टमधली दुसरी पौर्णिमा संपली ३१ तारखेला सकाळी ७.०५ ला, आदल्या दिवशी राखी कधी बांधायची यावरून घरोघरी वाद चाललेले, चांद्रयान-३ चंद्रावर उतरून जेमतेम आठवडा झालेला.

कधीकधी एकाच वर्षात दोन ब्ल्यू मून येतात. त्यासाठी फेब्रुवारी पूर्ण कोरडा जावा लागतो, एकही पौर्णिमा नाही, मग जानेवारी आणि मार्च दोघांकडे दोन-दोन. २०१८ ला ३१ जानेवारी आणि ३१ मार्च असं झालं होतं, ३१ मार्चला हनुमान जयंती होती. त्यात १९ मिळवा, २०३७ ला परत तेच.

एखादा अभ्यासू माणूस तुम्हाला अडवेल आणि म्हणेल की हा खरा ब्ल्यू मून नाहीच. त्याचंही चूक नाही. अमेरिकेत मेन फार्मर्स अल्मनॅक नावाचं शेतकऱ्यांचं पंचांग निघायचं, त्यात नियम वेगळा होता, एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर त्यातली तिसरी ब्ल्यू मून. मार्च १९४६ च्या स्काय अँड टेलिस्कोप मासिकात जेम्स ह्यू प्रूएट या हौशी खगोलप्रेमीने तो नियम चुकीचा समजून महिन्यातली दुसरी पौर्णिमा असं लिहिलं. १९८० मध्ये रेडिओवरच्या एका कार्यक्रमाने तेच उचललं, मग १९८६ मध्ये ते ट्रिव्हियल पर्सूट या खेळाच्या कार्डावर गेलं आणि जगभर झालं. १९९९ मध्ये त्याच मासिकाने आपली चूक छापून सांगितली, पण तोपर्यंत लोकांनी सोपा नियम घरचा करून टाकला होता. मी सोप्याच्याच बाजूने आहे, मात्र जुना नियमही काढता येतो. वसंत संपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तिथपासून, २१ जूनपर्यंतच्या पौर्णिमा मोजा, मग तिथून सप्टेंबरमधल्या शरद संपातापर्यंत, असं वर्षभर. २०२७ घ्या, २२ मार्च, २१ एप्रिल, २० मे, १९ जून, चार झाल्या, तर तिसरी म्हणजे २० मे, बुद्ध पौर्णिमा, हा जुन्या नियमाचा ब्ल्यू मून. १९ ऑगस्ट २०२४ ची नारळी पौर्णिमा पण याच नियमातली.

आणि चंद्र खरंच निळा दिसतो का कधी? दिसतो, पण त्याचा पौर्णिमेशी संबंध नाही. हवेत एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपासचे, जवळजवळ एकाच मापाचे कण भरपूर झाले तर ते लाल प्रकाश जास्त विखुरतात आणि उरलेला निळसर आपल्यापर्यंत येतो. १८८३ ला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला त्यानंतर बऱ्याच ठिकाणी निळा-हिरवा चंद्र दिसला, आणि सप्टेंबर १९५० मध्ये कॅनडातल्या जंगलाच्या वणव्यांच्या धुरामुळे स्कॉटलंडमध्ये चंद्र-सूर्य दोन्ही निळे दिसले. मुंबईची धूळ त्या कामाची नाही, आपल्याकडे ती वेगवेगळ्या मापाची असते, त्यामुळे उगवता चंद्र संत्र्याच्या रंगाचा दिसतो, थंडीत तर हमखास.

आता बघायचा कुठून. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि तरी लोक मरीन ड्राइव्ह नाहीतर दादर चौपाटीवर जाऊन समुद्राकडे तोंड करून बसतात, समुद्र पश्चिमेला, चंद्र पाठीमागे बिल्डिंगांच्या आड. पाण्यावर उगवता चंद्र हवा असेल तर शहराची पूर्वेची बाजू धरा, गेटवे, भाऊचा धक्का, शिवडी, किंवा वाशीच्या खाडीकडे. चौपाटीवालेच असाल तर पहाटे जा, त्याच रात्रीचा चंद्र सूर्योदयाच्या सुमारास समुद्रात मावळताना दिसतो आणि गर्दीही नसते. पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, मुंबईत ती साधारण दुपारी बारा-एक आणि रात्री बारा-एकच्या दरम्यान चढते, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत खडकांवर किंवा टेट्रापॉडवर सेल्फी काढत बसू नका. मे अखेरीचा पौर्णिमेचा चंद्र आग्नेयेला उगवतो आणि रात्रभर दक्षिणेकडून खालून जातो, त्यामुळे दक्षिणेला टॉवर असेल तर तुमच्या गॅलरीतून काही दिसायचं नाही. ऑगस्टचा ब्ल्यू मून तर मुंबईकराने बहुतेक कॅलेंडरवरच बघावा, वर ढगच असतात. नेमका क्षण चुकला म्हणून हळहळू नका, ३१ मे २०२६ चा क्षण दुपारचा, तेव्हा चंद्र आपल्याकडे वर नसतोच, आदल्या रात्री बघा की त्या रात्री, डोळ्यांना दोन्ही गोलच.

मोबाईलने फोटो काढताना नाईट मोड बंद ठेवा. चंद्रावर भर उन्हाचा प्रकाश असतो, फोन अंधार समजून फोटो उजळवतो आणि पांढरा ठिपका येतो. स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की ब्राइटनेसची पट्टी खाली ओढा, डाग दिसायला लागेपर्यंत. व्हाईट बॅलन्स बल्बच्या सेटिंगवर टाकलात तर चंद्र निळा येतो, व्हॉट्सॅपवरचे बरेचसे निळे चंद्र असेच बनतात.

शेवटी एक तारीख आत्ताच लिहून ठेवा, ३१ डिसेंबर २०२८. त्या महिन्यातली पहिली पौर्णिमा २ तारखेला सकाळी ७.१० ला संपते, दुसरी ३१ ला रात्री १०.१८ ला, म्हणजे थर्टी फर्स्टच्या रात्री ब्ल्यू मून, आणि वर खग्रास चंद्रग्रहण, भारतातून पूर्ण दिसणारं. साधारण पावणेदहापासून अकराच्या आतबाहेर चंद्र तांबूस लाल असेल, आणि डिसेंबरचा पौर्णिमेचा चंद्र मुंबईत जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा गेटवेच्या गर्दीत जायची गरज नाही, आपल्या बिल्डिंगची गच्ची पुरे. फक्त थर्टी फर्स्टला गच्चीला कुलूप लावायची सोसायट्यांना सवय असते, त्यामुळे सेक्रेटरीकडे किल्लीचा विषय आधीच काढून ठेवा. बाहेरच जायचं असेल तर तो रविवार आहे, मेगाब्लॉक बघून निघा.