बंगल्याच्या दर्शनी भिंतीला एलईडी लावताना

कोल्हापुरात घराबाहेर लाइट लावायची तर आधी पावसाचा विचार करा, रंगाचा नंतर. दुकानात सगळंच ‘वॉटरप्रूफ’ असतं, म्हणून आयपीचा आकडा विचारा, म्हणजे दिवा धूळ-पाणी किती अडवतो ते कळतं. छज्ज्याखाली आडोशाला आयपी ६५ चालतं. उघड्या पॅरापेटवर, पाणी साचणाऱ्या कडेला आयपी ६७ घ्या.

साधी एलईडी पट्टी स्वस्त पडते, पण ती अॅल्युमिनियम प्रोफाइलमध्येच (धातूच्या लांब खाचेत) बसवा. उष्णता बाहेर जाते आणि पट्टी जास्त टिकते. गोलाई किंवा कमान असेल तर निऑन फ्लेक्स, म्हणजे वाकणारी एलईडी नळी बरी. त्यातही पीव्हीसीपेक्षा सिलिकॉनची, कारण पीव्हीसी उन्हानं पिवळी पडते. मात्र यांनी फक्त रेघ उठून दिसते, भिंत उजळत नाही. त्यासाठी वॉल वॉशर, म्हणजे भिंतभर प्रकाश टाकणारा दिवा लागतो. काळ्या दगडाची भिंत असेल तर तो भिंतीला अगदी लागून, अरुंद बीमचा (झोताचा) लावा. टाकीचे घाव असे काही उठून दिसतात की बघत राहावं! गुळगुळीत गिलाव्यावर हे करू नका, गवंड्याची सगळी चूक चारचौघांत दिसेल. तिथे फूट-दीड फूट अंतर ठेवून रुंद बीम वापरा.

लांब पट्टीला १२ ऐवजी २४ व्होल्ट घ्या. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो, त्यामुळे शेवटचं टोक तितकं मंद पडत नाही. पाणी बहुतेक वेळा कापलेल्या टोकातून आणि जोडातून शिरतं. तिथे एंड कॅप (टोकाचं झाकण) सिलिकॉननं बंद झाली का, हे वायरमन शिडीवरून उतरायच्या आत बघा.