शेक संपले, पुढे काय? गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये पुढचा अंदाज कसा समजून घ्यावा

रेडिएशनचा शेवटचा शेक झाला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, बरं हुईल न्हवं?" प्रश्न रास्तच आहे. पण गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कॅन्सरमध्ये त्याचं उत्तर एकाच दिवशी मिळत नाही. उपचारांआधी एक अंदाज असतो, शेक आणि केमो झाल्यावर तो बदलतो, ऑपरेशननंतर रिपोर्ट आला की पुन्हा बदलतो. चंदगड, गगनबावडा, निपाणीकडून पेशंटला घेऊन कोल्हापूरला येणाऱ्या घरातल्या एका तरी माणसाला हे टप्पे कळायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. ऑपरेशन कोणतं, शौचासाठी पोटावर लावायची पिशवी कायमची की तात्पुरती, हे निर्णय याच अंदाजांवर होतात आणि त्यावर सही करताना सहसा पेशंटसोबत घरचेही असतात.

१. आधी सगळे कागद एकत्र करा

एमआरआय राजारामपुरीत, बायोप्सी शाहूपुरीत, शेक तिसरीकडे, असं अनेकांचं होतं. तारखेप्रमाणे लावलेली एकच फाईल करा. एमआरआयचा नुसता छापील रिपोर्ट ठेवू नका, फिल्म आणि सीडीही मागून घ्या. शेक सुरू झाले की गाठ आकसायला लागते, त्यामुळे ती मूळची केवढी होती हे नंतर कुठलंच मशीन दाखवू शकत नाही. उपचारांआधीचा तो एमआरआय हरवला, तर पुढची सगळी तुलनाच लंगडी पडते.

२. "किती टक्के?" विचारताना कशाचे टक्के ते सांगा

गाठ त्याच जागी परत येण्याची शक्यता, लिव्हर किंवा फुप्फुसात पसरण्याची शक्यता, पाच वर्षं जगण्याची शक्यता आणि पोटावर कायमची पिशवी लागण्याची शक्यता, हे चार वेगळे प्रश्न आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात शेक-केमो ऑपरेशनआधी दिल्यावर पाच वर्षांत त्याच भागात गाठ परतण्याचं प्रमाण ६ टक्के होतं, ऑपरेशननंतर दिल्यावर १३ टक्के. पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं, ७६ आणि ७४ टक्के. एका प्रश्नात मोठा फरक, दुसऱ्यात जवळजवळ नाही. म्हणून आकडा ऐकला की तो कोणत्या प्रश्नाचा, हे लगेच विचारून कागदावर लिहून ठेवा.

३. उपचारांआधीच्या एमआरआयमधल्या या ओळी शोधा

इथे वेळ द्या. पहिली ओळ अंतराची: गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे. जितकी खाली, तितकं शौचावर ताबा ठेवणारे स्नायू वाचवणं अवघड.

दुसरी टी-स्टेजची, म्हणजे गाठ किती खोल गेली आहे याची. टी-२ म्हणजे गाठ आतड्याच्या स्नायूपर्यंत, टी-३ म्हणजे त्याबाहेरच्या चरबीत, टी-४ म्हणजे आतड्यावरच्या आवरणात किंवा शेजारच्या अवयवात शिरलेली. त्यापुढे 'एन' असतो, तो लिम्फ नोडचा, म्हणजे जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत आजार पोचला आहे का याचा; एन-० म्हणजे पोचलेला नाही.

तिसरी ओळ सर्वात मोलाची आणि बहुतेक घरचे तीच वाचत नाहीत. गुदाशयाभोवती चरबीचं वेष्टन असतं आणि त्यावर एक पातळ पापुद्रा, त्याला मेसोरेक्टल फॅशिया म्हणतात. १९८२ साली ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी मांडलेल्या पद्धतीप्रमाणे सर्जन हे वेष्टन पापुद्र्यासकट अखंड काढतात. गाठ पापुद्र्यापासून १ मिलिमीटर किंवा त्याहून जवळ असेल, तर ऑपरेशनच्या कडेला कॅन्सर राहून जाण्याचा धोका वाढतो. शेक आधी देण्याचं एक मोठं कारण हेच, की गाठ त्या कडेपासून मागे सरकावी. रिपोर्टमध्ये हे अंतर लिहिलेलं नसेल, तर डॉक्टरांमार्फत रेडिऑलॉजिस्टकडून लिहून घ्या. मागायला संकोच करू नका.

चौथी ओळ ईएमव्हीआयची, म्हणजे गाठ आतड्याबाहेरच्या रक्तवाहिनीत शिरली आहे का. असेल तर आजार दूरवर पसरण्याची शक्यता वाढते आणि ऑपरेशनआधीच पूर्ण केमो देण्याचा विचार होतो.

४. रक्त आणि बायोप्सी

सीईए ही, कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या एका प्रथिनाची, रक्ताची चाचणी उपचारांआधी करून घ्या. मिलिलिटरला साधारण ५ नॅनोग्रॅमच्या आत असलेलं बरं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ती कॅन्सरशिवायही थोडी जास्त येते, तेव्हा व्यसन लपवू नका. दरवेळी एकाच लॅबमध्ये करा, कारण यंत्र आणि किट बदलले की आकडाही बदलतो.

बायोप्सीत सिग्नेट रिंग सेल (अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशी) लिहिलं असेल, तर आजार आक्रमक प्रकारचा समजतात. तरुण पेशंटमध्ये हा प्रकार तुलनेने जास्त आढळतो. त्याच तुकड्यावर एमएमआर किंवा एमएसआय तपासणी, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली आहे का याची तपासणी, झाली का, हे आवर्जून विचारा. ही तपासणी थोड्याच पेशंटमध्ये वेगळी येते, पण आली तर उपचारांची दिशाच बदलू शकते. २०२२ साली न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात अशा १२ पेशंटना डोस्टार्लिमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं, औषध दिलं गेलं आणि बाराही जणांची गाठ तपासणीत नाहीशी झाली. न शेक, न ऑपरेशन. शिवाय हा दोष आनुवंशिकही असू शकतो, म्हणून पेशंटच्या भावंडांनी आणि मुलांनीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

५. शेकानंतर थांबण्याचा काळ

लांबच्या कोर्समध्ये २५ ते २८ शेक असतात आणि सोबत बहुधा केपसायटाबिन या केमोच्या गोळ्या. छोट्या कोर्समध्ये पाच दिवसांत पाच मोठे शेक. दोन्हींत शेक थांबल्यावरही गाठ पुढे कित्येक आठवडे विरघळत राहते. तिसऱ्या आठवड्यात एमआरआय करून "काहीच फरक नाही" म्हणून घाबरून जाण्यात अर्थ नाही. लांबच्या कोर्सनंतर फेरतपासणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी किंवा त्यानंतर करतात: बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय, तिन्ही. या वेळी नुसता बायोप्सीचा तुकडा निर्मळ आला म्हणून सुटलो असं समजू नका, कॅन्सरच्या पेशी आतड्याच्या खोल थरात दडलेल्या असू शकतात.

तिन्ही तपासण्यांत गाठ दिसेनाशी झाली, तर काही निवडक पेशंटमध्ये ऑपरेशन न करता बारीक लक्ष ठेवता येतं. ब्राझीलच्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी हा मार्ग दाखवला. पण आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार दोन वर्षांत चारपैकी साधारण एकाला गाठ पुन्हा उगवते. त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी कोल्हापूरच्या खेपा करणं जमणार असेल, तरच हा रस्ता. ऊसतोडीचा हंगाम आहे म्हणून तपासणी पुढे ढकलली, असं इथे चालत नाही.

६. ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट

हा सगळ्यात भरवशाचा कागद. टी आणि एनच्या आधी 'वायपी' लिहिलेलं असतं, म्हणजे उपचारांनंतर काढलेल्या भागाची स्टेज. वायपीटी-० एन-० म्हणजे कॅन्सरची एकही पेशी सापडली नाही. तीन हजारांहून अधिक पेशंटच्या एकत्रित विश्लेषणात अशांपैकी ८३ टक्के जण पाच वर्षांनी आजारमुक्त होते, बाकीच्यांपैकी ६६ टक्के. कडेपासूनचं अंतर आणि वेष्टन अखंड निघालं का, हेही पाहा.

उपचारांनी गाठ किती विरघळली हे सांगणाऱ्या टीआरजी या आकड्याबाबत सावध राहा. मँडार्ड पद्धतीत १ म्हणजे गाठ पूर्ण विरघळली, ड्वोराक पद्धतीत तेच ४ असतं आणि तिथला १ म्हणजे फारच थोडा फरक. पद्धतीचं नाव विचारल्याशिवाय आनंदही करू नका आणि रडूही नका.

७. नार स्कोअर मांडून बघा

नार स्कोअर म्हणजे शेक-केमो आणि ऑपरेशननंतर धोका किती उरला, हे एका आकड्यात मांडण्याची पद्धत. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमधल्या एन-स्टेजला ५ ने गुणा. आधीच्या टी-स्टेजमधून ऑपरेशननंतरची टी-स्टेज वजा करून आलेल्या आकड्याला ३ ने गुणा आणि पहिल्या उत्तरातून वजा करा. त्यात १२ मिळवा, वर्ग करा आणि ९.६१ ने भागा. समजा आधी टी-३ होती, नंतर टी-२ आणि एन-०. म्हणजे ० वजा ३ अधिक १२, झाले ९. वर्ग ८१, भागून ८.४. तीच गाठ, पण लिम्फ नोडमध्ये एन-१ निघालं, तर स्कोअर थेट २०.४. ८ च्या खाली धोका कमी, १६ च्या वर जास्त. हा स्कोअर अभ्यासांतल्या गटांची तुलना करण्यासाठी बनवला आहे. तुमच्या माणसाचं आयुष्य तो सांगत नाही, पण लिम्फ नोडमध्ये आजार उरला की धोका किती चढतो, हे मात्र त्यातून स्वच्छ दिसतं. आकडा डॉक्टरांसमोर ठेवून "मग आता उरलेली केमो लागणार का?" हे विचारा.

८. पुढची पाच वर्षं

पहिली दोन वर्षं सीईए आणि तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी. छाती आणि पोटाचा सीटी डॉक्टर ठरवतील तसा. फुप्फुसाचा भाग वगळू नका, कारण गुदाशयाच्या खालच्या भागातलं रक्त लिव्हरला वळसा घालून थेट हृदयाकडे आणि तिथून फुप्फुसात जातं. गाठीमुळे आधी दुर्बीण पूर्ण आत गेली नसेल, तर उरलेलं मोठं आतडं ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत बघून घ्या, आणि डिस्चार्ज घेतानाच त्याची तारीख मागून घ्या.