क्लिअरकोट सुटलेल्या जुन्या गाडीवर कंपाउंड घासू नका. आणि इतर टाळण्याजोग्या चुका

प्रीमियर पद्मिनीच्या काळात बोनेटचा रंग फिका पडला की रबिंग कंपाउंडचा, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या खरखरीत लेपाचा, डबा काढला जाई, आणि तासाभराच्या घासणीनंतर बोनेट खरोखरच चकाकू लागे. त्या गाड्यांवर रंगाचा एकच जाडसर थर असे. उन्हाने निर्जीव झालेला वरचा भाग फडक्यावर उतरे आणि खालचा ताजा रंग वर येई. घरातील वडीलधाऱ्यांचा ‘थोडं कंपाउंड मार, नवी दिसेल’ हा सल्ला त्या काळी योग्यच होता. आजच्या जुन्या गाड्यांवर, म्हणजे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मेटॅलिक रंगांच्या गाड्यांवर, तोच सल्ला नुकसान करतो.

या गाड्यांवर प्रायमरनंतर रंगाचा अतिशय पातळ थर असतो आणि त्याला स्वतःची चकाकी मुळीच नसते. चकाकी येते ती त्यावरील पारदर्शक क्लिअरकोटमुळे, ज्याला गॅरेजमध्ये नुसते ‘क्लिअर’ किंवा ‘लॅकर’ म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी असते. अतिनील किरणे शोषून घेणारी द्रव्ये याच थरात असतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ती संपत जातात, थर ठिसूळ होतो आणि अखेर खालच्या रंगावरील त्याची पकड सुटते. छत, बोनेट आणि डिकी हे आडवे भाग आधी खराब होतात आणि दरवाजे मात्र शाबूत राहतात, ते याच कारणाने.

माझ्या २००८ सालच्या चंदेरी गाडीच्या छतावर तळहाताएवढा पांढुरका डाग दिसला, तेव्हा मीही कंपाउंडच घेऊन बसलो होतो. डाग तर गेला नाहीच, उलट त्याच्या कडेचा पापुद्रा थोडा वर आला, कंपाउंडची पांढरी भुकटी त्याखाली शिरून वाळली आणि मधल्या उघड्या रंगावरून फडक्यावर राखाडी मळ उतरू लागला. तो मळ म्हणजे धूळ नव्हती, गाडीचा रंग होता. पावसाळा संपेपर्यंत तो डाग ताटाएवढा झाला. पुढे एका पेंटरने त्या कडेवरून नुसते नख फिरवले आणि नख जिथे अडले तिथे बोट ठेवून, ‘इथून पुढे पॉलिशचं काम नाही’ एवढेच सांगितले.

निदानाची सर्वांत भरवशाची रीत ती नखाचीच आहे. भाग स्वच्छ धुऊन वाळवावा आणि चांगल्या भागाकडून डागाकडे नख हलकेच न्यावे. कड लागली, तर थर सुटलेला आहे. कड लागत नसेल, तर त्या जागी पाणी शिंपडावे. ओले असताना धूसरपणा नाहीसा होऊन वाळल्यावर परत येत असेल, तर बहुधा दोष पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यांचा किंवा ऑक्सिडेशनचा आहे आणि तिथे बारीक कणांचे पॉलिश उपयोगी पडते. थराच्या आत भेगांचे बारीक जाळे दिसत असल्यास मात्र पॉलिशचा मोह टाळावा, कारण भेगा वरच्या वर नसतात. शिवाय कोपऱ्यात पॉलिश लावून पाहताना फडक्याला गाडीचाच रंग लागला, तर एकतर गाडीवर क्लिअर मुळातच नाही किंवा त्या जागी तो उरलेला नाही. गाडी पद्मिनीच्या पठडीतली एकथरी आहे की क्लिअर निघून गेलेली, हे शाबूत दरवाजावर तीच चाचणी करून कळते.

दुसरी चूक म्हणजे सुटलेल्या थरावर वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग चढवणे. पोपडे आलेल्या भिंतीवर ऑइलपेंट मारण्यासारखेच ते आहे. खालचा थर निघाला की वरचे महागडे कोटिंगही त्याच्याबरोबर जाते.

तिसरी चूक अधिक खर्चाची आहे: फक्त डागापुरता स्प्रेकॅनने क्लिअर मारणे. ताज्या क्लिअरमधील द्रावक जुन्या थराच्या कडेखाली शिरून ती सुरकुतवतो, आणि जुनी कड घासून पूर्ण सपाट केली नसेल तर ती नव्या थरातूनही नकाशातल्या सीमेसारखी दिसत राहते. रंगाची हद्द आखणारी मास्किंग टेप पॅनेलच्या, म्हणजे बोनेट किंवा दरवाजासारख्या पत्र्याच्या एका सलग भागाच्या, मध्यावर लावल्यास तिथे नवी कड तयार होते आणि पुढचा पापुद्रा तिथूनच सुटतो. म्हणून काम पॅनेलच्या नैसर्गिक सांध्यापर्यंत न्यावे लागते. मेटॅलिक रंगात आणखी एक अडचण असते: पॉलिशपेपर रंगाच्या थराला लागला की त्यातील चमकीचे कण विस्कटून जागा काळपट दिसते, तेव्हा आधी रंग आणि मग क्लिअर असेच करावे लागते. ‘नुसता क्लिअर मारून देतो’ असे कोणी म्हणाल्यास, जुना क्लिअर कुठपर्यंत काढणार हे आधी विचारावे.

हार्डनर मिसळून वापरायचा क्लिअर टिकाऊ असतो, पण त्यातील आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून गच्चीवर तो फवारणे हा शुद्ध अविचार आहे. भर पावसाळ्यातही हे काम उघड्यावर काढू नये, कारण दमट हवेत रंगकामावर दुधाळ झाक येऊ शकते.

रोजच्या चुका परिचयाच्या आहेत: सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसणे, कपड्यांच्या साबणाने धुणे, पक्ष्यांची विष्ठा आठवडाभर तशीच ठेवणे, बोअरचे पाणी उन्हात वाळू देणे. मात्र थर सुटू लागल्यावर सर्वांत जास्त नुकसान वॉशिंग सेंटरमधील जोरदार फवाऱ्याने होते, कारण तो कडेखाली शिरून पापुद्रा उचलतो. अशा गाडीला बादली आणि मऊ मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, वापरावा, आणि सुटलेला पापुद्रा हाताला कितीही आला तरी सोलू नये.

प्रत्येक गाडीला नवा रंग द्यायलाच हवा, असे मला वाटत नाही. खाली प्रायमर शाबूत असेल तर पत्रा लगेच गंजत नाही. प्रायमर दिसू लागला किंवा खडा लागून पत्रा उघडा पडला, की मात्र थांबू नये. माझ्या गाडीचे बोनेट सांध्यापासून सांध्यापर्यंत नव्याने रंगवून घेतले. छत अजून तसेच आहे. दर पावसाळ्यापूर्वी त्याच्या कडेवरून एकदा नख फिरवतो आणि ती किती सरकली ते पाहतो.