गोव्याच्या दमट हवेत मेणकापडाचे जॅकेट

आपल्याकडे मेणकापड म्हटले की तान्ह्या बाळाच्या दुपट्याखाली अंथरायचा रबरी तुकडा आठवतो. त्यामुळे मेण मुरवलेल्या सुती कापडाचे जॅकेट हजारो रुपये मोजून घेण्याची हौस घरातल्या वडीलधाऱ्यांना चमत्कारिक वाटली, तर त्यात त्यांचा दोष नाही. मात्र ती हौस अगदीच पोकळ नाही. गोव्यात राहून ती नीट पुरवायची असेल, तर खरेदीपूर्वीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी: इथे असे जॅकेट पावसात क्वचितच बिघडते, ते बिघडते पाऊस संपल्यावर, बंद कपाटात.

या कापडाचे कूळ दर्यावर्दी आहे. तेल लावलेले शीड वारा अधिक धरते आणि पाणी कमी पिते, हे स्कॉटलंडच्या खलाशांना ठाऊक होते. त्याच शिडाच्या जुन्या तुकड्यांचे ते अंगरखे करीत. जवसाच्या तेलाने कापड पिवळे पडून ताठर होते, म्हणून विसाव्या शतकात तेलाची जागा मेणाने घेतली. इंग्लंडमधील साउथ शील्ड्स या बंदरगावी 1894 साली सुरू झालेली बार्बर कंपनी खलाशांना आणि कोळ्यांना असे कपडे पुरवीत असे, तर सिएटलमध्ये 1897 साली निघालेल्या फिल्सनचे पहिले गिऱ्हाईक कॅनडातील क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावणारे लोक होते. म्हणजे आज वारसा म्हणून जे मिरवले जाते, तो मुळात कष्टकऱ्यांचा वेश आहे. या दृष्टीने सत्तरी तालुक्यातल्या शेतकऱ्याचे इरले आणि धनगराची कांबळ ही या जॅकेटची सख्खी भावंडे म्हणावी लागतील. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, हे कांबळ पांघरणाऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही.

आकर्षणाचे खरे कारण मला दुरुस्तीत दिसते. नेहमीच्या रेनकोटला आतून पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो; उष्ण आणि दमट हवेत तो थर हळूहळू विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग त्याचे पोपडे सुटतात. कपाटात नुसता टांगून ठेवलेला रेनकोटही काही वर्षांनी असा निकामी होतो आणि त्यावर घरगुती इलाज नाही. मेण उडाले तर ते पुन्हा लावता येते, कापड फाटले तर शिवता येते, आणि कोपरावर व खिशांच्या कडांवर उमटलेल्या फिकट घड्या पाहून जॅकेट कोणाचे आहे हे ओळखता येते.

निवड करताना वजनाकडे प्रथम पाहावे. थंड देशांसाठी केलेले जाड कापड आणि त्याखालचे चौकड्यांचे लोकरी अस्तर इथे अंगावर घामाच्या धारा लावते, कारण मेणामुळे हवा खेळत नाही. दर चौरस मीटरला 200 ते 270 ग्रॅम वजनाचे कापड, सुती किंवा अर्धे अस्तर आणि कमरेपर्यंतची लांबी इथे पुरेशी होते. चेन आणि टिचबटने पितळेची असावीत, कारण खाऱ्या हवेत लोखंडी चेन दोन पावसाळ्यांत गंजून अडकते. जुने जॅकेट घेत असाल, तर कॉलरच्या आतल्या बाजूचा आणि खिशाच्या तळाचा वास घ्या. कुबट वास अस्तरात एकदा मुरला की तो सहसा जात नाही.

अपेक्षाही आधीच ठरवून घ्याव्यात. गोव्यात वर्षाकाठी सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत चोर्ला घाटात दुचाकीवर तासभर मुसळधार पाऊस अंगावर घेतला, तर खांद्यावरच्या शिवणींतून पाणी आत येणारच; तिथे पायलट मंडळी, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणारे, वापरतात तो साधा रबरी रेनकोटच खरा. पावसाची भुरभुर, श्रावणातल्या सरी, नेत्रावळीच्या रानातली काटेरी पायवाट आणि जानेवारीत वाळपईकडची धुक्याची पहाट, एवढ्यांसाठी मात्र मेणकापडासारखे दुसरे काही नाही.

मेण घरी लावता येते, आणि ते मेच्या मध्यास, घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, भरणी चालू असतानाच उरकावे, कारण एकदा पाऊस लागला की कापड पुरते सुकत नाही. मधमाशांचे मेण आणि बिनरंगी, बिनवासाच्या मेणबत्तीचे पॅराफिन समभाग घ्या. नुसते पॅराफिन घडीवर तडकते आणि नुसते मधमाशांचे मेण हाताला चिकटते, म्हणून हे मिश्रण. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरे लहान भांडे धरा आणि त्यात मेण वितळवा. भांडे थेट जाळावर ठेवू नका, मेण पेट घेते. वितळलेले मेण जुन्या साबणाच्या डबीत ओतून त्याची वडी पाडा. जॅकेट आधी थंड पाण्यात भिजवलेल्या स्पंजने पुसून पूर्ण सुकवा. साबण आणि गरम पाणी दोन्ही वर्ज्य, कारण दोन्हींनी आधीचे मेण निघते. मग वडी खडूसारखी कापडावर घासा, शिवणींवर दोनदा, आणि हाताएवढ्या भागावर हेअर ड्रायर फिरवा. पांढरट रेघा क्षणात विरघळून कापड गडद होते, ओल्या मातीसारखे दिसते. तसे झाले की मेण मुरले असे समजून पुढच्या भागाकडे वळा. जादा मेण जुन्या सुती पंचाने टिपून घ्या आणि जॅकेट सावलीत दिवसभर टांगून ठेवा. गोव्याच्या उकाड्यात थर पातळच बरा. जाड थर दिलेले जॅकेट मेच्या दुपारी बंद मोटारीत विसरले, तर आसनावर त्याची तेलकट छाया कायमची उमटते.

आता कपाटाविषयी. माझे पहिले जॅकेट मी सप्टेंबरअखेरीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चार डांबरगोळ्या टाकून, मोठ्या समाधानाने वर ठेवून दिले होते. डिसेंबरात पिशवी उघडली तेव्हा पाठीवर राखाडी बुरशीची वर्तुळे होती, जुन्या भिंतीवर येतात तशी, आणि डांबरगोळ्यांचा वास त्यावर कडी करून होता. डांबरगोळ्या कसर दूर ठेवतात. बुरशीचे त्या काहीच करीत नाहीत, आणि प्लास्टिक ओलावा कोंडून ठेवते. तेव्हापासून जॅकेट रुंद हँगरवर, भिंतीपासून वीतभर दूर, पंख्याचा वारा लागेल अशा खोलीत उघडेच टांगतो. ओले झालेले जॅकेट चुलीच्या किंवा इस्त्रीच्या उबेवर सुकवू नये, खिसे उलटे करून वाऱ्यावर सुकवावे. बुरशी दिसलीच, तर जॅकेट घराबाहेर नेऊन, कोरडे असतानाच मऊ ब्रशने झाडावे, नाहीतर तिची भुकटी घरभर पसरते. मग निम्मे पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसून दोन दिवस सावलीत ठेवावे आणि त्या जागी पुन्हा मेण लावावे.

चामड्याच्या बुटांना आणि पिशव्यांच्या पट्ट्यांनाही हाच उपाय चालतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते रोज बदलावेत, एवढीच भर. पितळी बक्कल हिरवे पडले, तर भिजवलेले आमसूल चोळावे, जसे आपण समईला चोळतो, पण बक्कलाखाली जाड कागद धरून, कारण आमसुलाचा डाग कॅनव्हासवरून निघत नाही. चेन अडत असेल, तर तिच्या दातांवरून मेणबत्तीचे टोक दोनदा फिरवावे.

फाटलेल्या जागी ठिगळ लावायचे असल्यास शिंप्याकडे जाताना कापडाचा तुकडा आपणच न्यावा आणि त्याला मेण लावण्याआधीच तो शिवून घ्यावा. मेणकट कापडाने यंत्राची सुई चिकट होते, टाके सुटतात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडतो, म्हणून बरेच शिंपी असे काम नाकारतात. जॅकेटचा फाटलेला भाग मेणाचाच असेल, तर ते काम घरी हातानेच करावे: जाड सुई, पॉलिएस्टरचा भक्कम दोरा, धावदोऱ्याऐवजी बारीक उलटटीप. सुईने पडलेली भोके आतून आणि बाहेरून मेणाची वडी घासून बुजवावीत, आणि ठिगळावर नळाखाली एक तांब्या पाणी ओतून आत ओल येते का, हे जून उजाडण्यापूर्वीच पाहून घ्यावे.