घरी गिटार बनवायची तयारी, आणि सगळ्यात आधी हायग्रोमीटर

लाकडाच्या आधी, हत्यारांच्या आधी, प्लॅनच्याही आधी हायग्रोमीटर घ्या. म्हणजे हवेतला दमटपणा मोजायचा छोटा डिजिटल मीटर, दोन-चारशे रुपयांत मिळतो. माझ्या पहिल्या गिटारीच्या वेळी बाकी सगळं होतं, हा नव्हता. टॉप, म्हणजे गिटारीची पुढची फळी, ऐन पावसाळ्यात पुण्यात चिकटवला आणि पुढच्या उन्हाळ्यात तो ब्रिजच्या (तारा ज्या पट्टीत अडकवतात तिच्या) मागे रेघेबरोबर उकलला. आता दुसरी करायला घेतोय, म्हणून तयारीची यादी नीट लिहून काढतोय. कोणाला पहिलीच करायची असेल तर उपयोगी पडेल. यादी स्टील तारांच्या अकूस्टिक गिटारीची आहे, ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) या मध्यम साइझची, कारण पहिल्यांदा करणाऱ्याला तोच साइझ बरा. ड्रेडनॉट अंगाने मोठी, तिचा टॉप सांभाळणं अवघड.

आता हायग्रोमीटर का, ते नीट समजून घ्या, कारण इथे लोक मान डोलावतात आणि पुढे जातात. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र हलतं. पावसाळ्यात दारं फुगून अडकतात तेच हे. ओएमचा टॉप सगळ्यात रुंद जागी ३८१ मिमी असतो. हवा ८० टक्के दमट असताना जो स्प्रूस (टॉपचं लाकूड) एवढा रुंद आहे, तो ४० टक्क्यांना येईपर्यंत रुंदीत चारेक मिलिमीटर आकसायला बघतो. पण त्याला आतून ब्रेसिंगच्या पट्ट्या आडव्या-तिरक्या चिकटवलेल्या असतात आणि कडेने साइड्स धरून ठेवतात. त्या पट्ट्या लांबीत आकसत नाहीत, मग आकसायला जागाच नसते, आणि लाकूड जिथे कमजोर तिथे फाटतं. उलटं केलं, म्हणजे कोरड्या हवेत चिकटवून दमट हवेत नेलं, तर टॉप थोडा फुगतो, तारा वर जातात, पण फाटत नाही. म्हणून जगभर गिटार बनवणारे ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये चिकटवतात, साधारण ४५ धरा. पुण्यात जुलै-ऑगस्टला खोलीत ८०-८५ सहज असतं आणि एप्रिलच्या दुपारी वीस-पंचवीसवर येतं. कोकणात किंवा मुंबईत उन्हाळा एवढा कोरडा नसतो, तिकडे एसीची खोली असेल तर निम्मं काम झालं. नागपूर-संभाजीनगरकडच्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचा.

मीटर आणला की त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. स्वस्तातले मीटर पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थोडं पाणी घालून ओलसर चिखल करा, विरघळून पाणी होऊ देऊ नका. ते आणि मीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मीटर ८० दाखवत असेल तर पाच वजा करायचे हे मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. दोन मीटर घ्या. एक खोलीत, एक लाकडाच्या कपाटात.

हो, कपाट. जुनं लाकडी कपाट किंवा प्लायचं खोकं, आत खाली ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब (एलईडी नाही, त्याची उष्णता पुरत नाही), वर हवा जायला दोन भोकं, बल्बपासून लाकूड लांब, आणि बल्बला जाळी. हवा तापली की तिचा सापेक्ष दमटपणा उतरतो, एवढंच तत्त्व. टॉप, बॅक (मागची फळी), ब्रेसिंगच्या पट्ट्या हे सगळं चिकटवायच्या आधी निदान दोन-तीन आठवडे या कपाटात राहिलं पाहिजे, फळ्यांच्या मध्ये काड्या ठेवून, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागेल. विक्रेता म्हणतो 'एकदम सुकं आहे', असेलही, पण त्याच्या गोदामात. तुमच्या घरी आल्यावर ते घरची हवा पितं. घाई होते हे मला माहीत आहे, नवीन लाकूड आलं की हात शिवशिवतात. तरी थांबा.

वेळापत्रकही हवेवरच बसवा. ब्रेसिंग आणि डबा (गिटारीचं पोकळ अंग) बंद करणं ही दोन कामं डिसेंबर ते फेब्रुवारी. साचे, जिग, नेक (मान) घडवणं, फ्रेटबोर्ड (नेकवरची बोटं ठेवायची पट्टी), धार लावायचा सराव, हे पावसाळ्यात करा. पावसाळ्यात वेळ मिळतो म्हणून चिकटवायला बसू नका.

आता लाकूड. टॉपला स्प्रूस, टॉपच्या कामाचा आपल्याकडे सहसा मिळत नाही, मागवावा लागतो, सिट्का किंवा युरोपियन, पहिल्या गिटारीला मधल्या ग्रेडचा पुरतो. रेघा टॉपच्या पृष्ठाला उभ्या हव्यात, क्वार्टर-सॉन, हे कडेकडून बघा, फोटोत वरून सगळंच छान दिसतं. बॅक आणि साइड्सला मात्र आपण नशीबवान आहोत. जगातल्या गिटारींना जो इंडियन रोझवुड लागतो तो म्हणजे आपला शिसव, केरळ-कर्नाटकातून जातो. जुन्या शिसवी फर्निचरच्या फळ्या मिळाल्या तर उत्तम, वर्षानुवर्षं सुकलेल्या असतात, पण लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, एक खिळा रंध्याच्या पात्याची वाट लावतो. नवीन घेतला तर बिल घ्याच. २०१७ पासून शिसव सायटीसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण कच्च्या लाकडाची कागदपत्रं लागतात. नेकला महोगनी, नाहीतर तून. मिरजेला सतार-तंबोऱ्यांना तून वापरतात, महोगनीच्याच कुळातलं आहे, वजनाला हलकं. फक्त जुनं, सुकलेलं आणि सरळ रेघेचं निवडा.

पैसे कमी असतील तर बॅकवर वाचवा, टॉपवर नाही. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्ये बॅक आणि साइड्स चक्क कागदाच्या लगद्याच्या केलेली गिटार बनवली होती, आवाज मुख्यतः टॉप देतो हे दाखवायला. ती आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

प्लॅन पूर्ण मापाचा छापील घ्या, मोबाइलवर बघून माप काढू नका. हत्यारं: रंधा, पटाश्या तीन मापांच्या, बारीक दातांची करवत, कानस, स्क्रेपर, व्हर्नियर, मीटरभराची खरोखर सरळ स्टीलची पट्टी. धार लावायचा दगड हा खर्च नाही, गरज आहे. बोथट पटाशीने स्प्रूस कापत नाही, दबतो. पॉवर टूल्समध्ये फक्त छोटा ट्रिमर राउटर (खाचा पाडायचं मशीन), बाकी हातानेच होतं. मास्क चांगला, नुसता रुमाल नको, शिसवाच्या भुश्श्याने अंगावर पुरळ उठतं आणि एकदा त्रास सुरू झाला की दर वेळी होतो.

गोंद टाइटबॉन्ड ओरिजिनल (लाकडाचा पिवळा गोंद) किंवा सरस. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद ब्रिजला वापरू नका, बारा-त्रेपन्नच्या (सगळ्यात पातळ तार इंचाच्या बारा हजारांश जाड, सगळ्यात जाड त्रेपन्न) तारांचा ताण सत्तर किलोच्या वर असतो, तो चोवीस तास ओढत राहतो, आणि पांढरा गोंद ताणाखाली हळूहळू सरकतो, उन्हाळ्यात जास्तच. नवीन बाटली घ्या, तळाशी उरलेली जुनी नको. इपॉक्सीही नको, उद्या ब्रिज काढायची वेळ आली तर तो तापवून सुटला पाहिजे.

साइड्स धरायचा साचा १८ मिमी प्लायचे तुकडे एकावर एक चिकटवून, आतून गुळगुळीत, प्लॅनच्या रेषेला तंतोतंत. इथे एक मिमी चुकला तर पुढे सगळीकडे चुकतो. ब्रेसिंग दाबायला गो-बार डेक करा: वर एक फळी, खाली एक फळी, मध्ये बांबूच्या कामट्या वाकवून अडकवायच्या, पन्नास क्लॅम्पचं काम होतं आणि पैसे नगण्य. खालच्या फळीला बॅकसाठी १५ फूट आणि टॉपसाठी २५ किंवा २८ फूट त्रिज्येची खोलगट डिश लागते, ही विकत किंवा सीएनसीवाल्याकडून (कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन असलेल्याकडून) करून घ्या, हाताने करण्यात महिना जातो. हा हलका फुगवटा का ठेवायचा? कोरड्या हवेत टॉप आकसला तर आधी फुगवटा उतरतो, लगेच फाटत नाही. म्हणजे परत तेच. हायग्रोमीटर गो-बार डेकच्या शेजारी टांगा. कामट्या लावायच्या आधी आकडा बघा, तारखेसकट ब्रेसिंगच्या पट्टीवरच पेन्सिलने लिहा. ५० च्या वर असेल तर कामट्या खाली ठेवा आणि दुसरं काहीतरी करा.

टॉप जोडताना दोन्ही कडा रंध्याने सरळ करून खिडकीसमोर एकत्र धरा, फटीतून उजेड दिसला की परत रंधा. मग चिकटवा, रोझेटची (भोकाभोवतीच्या नक्षीची) खाच कोरा, आणि मगच २.८ मिमीच्या आसपास पातळ करा. आकड्याला फार चिकटून राहू नका, फळी आडवी वाकवून बघा, टिचकी मारून ऐका, मऊ फळी थोडी जाड ठेवावी लागते. एक्स ब्रेसिंग प्लॅनप्रमाणेच ठेवा, अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या कारखान्यात १८४० च्या दशकापासून चालत आलेली रचना आहे, पहिल्याच गिटारीत त्यात प्रयोग नकोत. उरलेल्या स्प्रूसच्या तुकड्यांतून दोन-चार जास्तीच्या पट्ट्या आधीच चिरून कपाटात ठेवा, तासताना एखादी हमखास जाते.

साइड्स वाकवणं याला लोक घाबरतात, तेवढं घाबरू नका पण सराव हवा. साइड दोन मिमीपर्यंत पातळ, थोडी ओली, गरम पाइपवर रेटून न दाबता लाकूड मऊ पडल्याचं हाताला कळेपर्यंत थांबायचं. कमरेचा बाक आधी. पाइप लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा, जीआयचा अजिबात नको, वरचा जस्ताचा थर फार तापला तर विषारी धूर येतो. मागून पातळ पत्र्याची पट्टी धरली की तंतू उपटत नाहीत. त्याच शिसवाच्या फालतू पट्ट्यांवर आधी हात बसवा, आणि जाड हातमोजे घाला. वाकवल्यावर साच्यात अडकवा आणि, हो, परत कपाटात. ओल्या केलेल्या साइड्स दुसऱ्या दिवशी हाताला कोरड्या लागतात, आतून नसतात.

नेक: दोन्ही बाजूंना फिरणारा ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवायची आतली सळई), खाचेत घट्ट, खुळखुळता नको. नेक बोल्टने जोडा. डोव्हटेल (लाकडात लाकूड अडकवायचा खाचेचा जोड) सुंदर असतो, पण पहिल्यांदा कोन चुकतो आणि बोल्टवाला उघडून दुरुस्त करता येतो. फ्रेटबोर्डवर खाचा पाडताना ६४५ मिमी स्केलला (तारेच्या वाजणाऱ्या लांबीला) पहिली फ्रेट (धातूची आडवी पट्टी) नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) ३६.२ मिमीवर येते (उरलेली लांबी दर वेळी १७.८१७ ने भागायची), पण मोजताना प्रत्येक फ्रेट नटपासूनच मोजा, एकीपासून दुसरी मोजत गेलात तर चूक साचत जाते. बारावी बरोबर मध्यात आली का बघा. खाच साधारण ०.६ मिमी रुंद, पण फ्रेटची वायर हातात आल्यावर करवत ठरवा.

डबा बंद करायचा दिवस. आतलं लेबल, सही, गोंदाचे ओघळ साफ, हे आधी, नंतर हात पोचत नाही. आणि हायग्रोमीटर. टॉप, बॅक, साइड्स तिन्ही आठवडाभर ४५ च्या आसपास राहिलेले हवेत, नुसता त्या दिवशीचा आकडा चांगला असून भागत नाही. अवेळी पाऊस आला, खोलीत ६५ झालं, तर बंद करू नका. पाहुणे येणार असोत, सुट्टी संपत असो, नका करू.

पुढचं भराभर. बाइंडिंगसाठी (डब्याच्या कडेची पट्टी) सायकलची जुनी ट्यूब पट्ट्यांमध्ये कापून गच्च गुंडाळा, टेप पुरत नाही. नेकचा कोन असा की फ्रेट्सवर ठेवलेली सरळ पट्टी ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकेल. शिसवाची छिद्रं भरा, मग लाखेचं फ्रेंच पॉलिश, लाख ताजी विरघळवलेली, दमट दिवशी पांढुरकं धुकं धरतं म्हणून तेही मीटर बघून. ब्रिजची जागा नेक बसल्यावर मोजा, आधी नाही: सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) ६४५ च्या मागे, पातळ तारेकडे दोनेक मिमी, जाडीकडे चार-पाच. ब्रिजखालचं पॉलिश पूर्ण खरवडा, गोंद उघड्या लाकडालाच धरतो. चोवीस तास क्लॅम्प. नट-सॅडल हाडाचे, प्लॅस्टिक नको. तारा बाराच्या लावा, तेराच्या नाही, आणि आधी अर्ध्या ताणावर एक दिवस ठेवा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिमी अंतर, पातळ तारेखाली दोन, बाकी बारीकसारीक महिन्याभराने, गिटार बसल्यावर. दुसरा मीटर केसमध्ये कायमचा ठेवा आणि मार्च लागला की ओल्या स्पंजची भोकाची साबणदाणी त्याच्या शेजारी.